ओझ्याविना चालायला शिकलो

माथेरानला पाहुणा आला की पहिल्या दिवशीच म्हणतो, "तुम्ही भाग्यवान! रोज या रानात फिरायला मिळतं." आम्ही हसून मान डोलावतो आणि त्याची बॅग डोक्यावर घेतो. खरी गोष्ट अशी, की आमच्या चौघींपैकी कोणीही चार वर्षांपूर्वीपर्यंत 'फिरायला' म्हणून घराबाहेर पडले नव्हते. चाललो मात्र जन्मभर. दस्तुरीपासून बाजारापर्यंत, बाजारापासून हॉटेलापर्यंत, हॉटेलापासून घरापर्यंत, आणि प्रत्येक खेपेला डोक्यावर नाहीतर कडेवर काहीतरी होतेच.

आम्ही चौघी म्हणजे दोघी सख्ख्या जावा, शेजारच्या मावशी आणि मावशींची सून. थोरली एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात भांडी आणि कांदा-लसूण सांभाळते. धाकटी चिक्कीच्या दुकानात पाकिटे भरते. सून शाळेत पोरांची खिचडी शिजवते. मावशींनी तीस वर्षे दस्तुरीवर हमाली केली, दोन-दोन बॅगा डोक्यावर आणि एक हातात. आता त्यांचे वय ६२. लिहिणारा हात एकीचा असला तरी बोलणे चौघींचे आहे, म्हणून 'आम्ही' म्हणतो.

ज्यांनी माथेरान पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगावे लागेल. रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यात, नेरळ स्टेशनच्या डोक्यावर हा डोंगर आहे. उंची आठशे मीटरच्या आसपास. माथ्यावरचे रान म्हणून माथेरान. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर मॅलेट साहेब वर चढून आले आणि त्यांनी हे ठिकाण 'शोधले', असे पुस्तकात लिहितात. खालच्या वाड्यांतले ठाकूर-कातकरी त्याच्या आधीपासून या रानात येत-जात होते. त्यांना ते शोधायची गरज पडली नव्हती, एवढेच. १९०७ साली आदमजी पीरभाई यांच्या पैशातून नेरळहून छोटी गाडी वर आली. रूळ ज्यांच्या खांद्यावरून चढले त्यांची नावे कुठल्या पाटीवर नाहीत. स्वातंत्र्यलढ्यात सिद्धगडावर १९४३ साली हुतात्मा झालेले भाई कोतवाल याच माथेरानात जन्मले, गरीब नाभिक घरात. ते नाव मात्र आमची पोरे अभिमानाने घेतात.

गावात मोटारीला बंदी आहे. मोटार दस्तुरी नाक्यापर्यंत येते, तिथून पुढे अडीच किलोमीटर बाजार. ही वाट पायी, घोड्यावर, नाहीतर छोट्या गाडीने. माणसाने ओढलेल्या हातरिक्षातूनही ती वर्षानुवर्षे कापली गेली. २००३ साली केंद्र सरकारने हा परिसर पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक ठरवला, तेव्हापासून नियम आणखी कडक झाले. शहरातल्या माणसाला यात मौज वाटते. दोन दिवस धूर नाही, हॉर्न नाही. पण गॅसची टाकी, गहू, सिमेंट, आजारी माणूस, बाळंतीण हे सगळेही त्याच वाटेने यायचे-जायचे असते. अँब्युलन्स आहे म्हणून बरे.

आता मूळ गोष्टीकडे येतो. चार वर्षांपूर्वी मावशींना चक्कर आली. खाली नेऊन तपासले तर साखर भरपूर वाढलेली. डॉक्टर म्हणाले, "आजी, रोज पाऊण तास चाला."

मावशी भडकल्याच. "चाला? तीस वर्षं मी काय बसून काढली? माझ्या डोक्याची केसं गेली बॅगा वाहून, आणि हा मला चालायला सांगतो!"

डॉक्टर तरुण होते, पण समजूतदार होते. त्यांनी समजावले, की ओझे घेऊन मान मोडून चालणे वेगळे. त्यात गुडघा झिजतो, छाती दबते. हात मोकळे सोडून, श्वास घेत, एका लयीत चाललात तर साखर खाली येईल. मावशींना ते पटले नाही. पण औषधाचा महिन्याचा हिशोब ऐकल्यावर पटले.

एकट्या जायला त्या लाजत होत्या. म्हणून सून निघाली. सून निघाली म्हणून धाकटी निघाली, आणि धाकटी निघाल्यावर घरात चहा कोण करणार या भांडणातून थोरलीही निघाली. भांडण अजून मिटलेले नाही. आता चहा थोरलीचा नवरा करतो, आणि वाईट करतो.

पहिल्या दिवशी पहाटे साडेपाचला आम्ही बाजारातून खंडाळा पॉइंटकडे निघालो. ते ठिकाण बाजाराला लागूनच आहे. तेवढ्या वाटेत तिघांनी विचारले, "आज एवढ्या लवकर कामाला?" एका घोडेवाल्याने अंधारात ओळखले नाही, त्याने "मॅडम, घोडा पाहिजे?" म्हणून विचारले आणि आवाज ओळखल्यावर जीभ चावली. सर्वांत मोठी अडचण वेगळीच होती. हात कुठे ठेवायचे ते कळेना. जन्मभर हाताला पिशवी, घागर, मूल, नाहीतर डोक्यावरच्या ओझ्याला आधार. मोकळे हात दोन्ही बाजूंना लोंबायला लागले तेव्हा कपडे काढून उभे राहिल्यासारखे वाटले. धाकटीने दुसऱ्या दिवशी रिकामी पिशवी बरोबर घेतली. कोणी विचारले तर दूध आणायला निघालो म्हणायचे. ती रिकामी पिशवी आम्ही आठ महिने फिरवली. हे लिहिताना हसू येते, पण तेव्हा लाज खरी होती. आपल्या माणसाला रिकामे चालताना कोणी पाहिलेलेच नसते. पाहिले तर म्हणतात, माजलीत, कामधंदा नाही वाटते.

एकदा तर एका मोठ्या बंगल्याच्या रखवालदाराने आम्हाला अडवले. वाट सरकारी, पिढ्यान्‌पिढ्या पायाखालची. तो म्हणाला, "कामाला असाल तर मागच्या दाराने जा, नसाल तर इथे फिरू नका." आम्ही परत फिरलो. त्या दिवशी कोणी कोणाशी बोलले नाही. रात्री थोरलीने पोराकडून गावाचा नकाशा काढून घेतला, वाटेवर बोट ठेवले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच वाटेने गेलो. तोच रखवालदार, तोच प्रश्न. मावशी म्हणाल्या, "बाळा, तुझ्या मालकाच्या तीन पिढ्यांच्या बॅगा या डोक्यावरून आल्यात. मी या वाटेवर नाही चालणार तर कोण चालणार?" तोही गरिबाघरचाच पोर होता. बाजूला झाला. आता "जयभीम मावशी" म्हणतो.

माथेरानचे पॉइंट पस्तीस-चाळीसच्या घरात आहेत. नावे साहेब-मडमांची. लुईझा, अलेक्झांडर, हार्ट, गार्बट, आणि तळे शार्लटचे. आम्हाला ती सगळी नावे पाठ, कारण गिऱ्हाइकाला सांगावी लागतात. पण पॅनोरमावरून सूर्य उगवताना कसा दिसतो हे आम्ही गिऱ्हाइकाकडूनच ऐकलेले होते. तो पॉइंट उत्तरेच्या टोकाला, लांब. पहाटे तिथे जाणारा माणूस नऊ वाजता भांडी घासायला कसा परत येणार? थोरलीला हॉटेलात सुट्टी मिळाली तेव्हा एका मंगळवारी आम्ही साडेचारला निघालो आणि पोहोचलो. खाली नेरळचे दिवे, लोकलचा उजेड सरकत होता, आणि मग हळूहळू उल्हास नदीची रेघ उजळली. ४५ वर्षांच्या थोरलीने ते पहिल्यांदा पाहिले. जन्म इथलाच.

फिरणे बाराही महिने चालू ठेवायचे असे ठरवले, ते पावसाने अवघड केले. आमच्याकडे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर ढग घरात शिरतात, कपडे वाळत नाहीत, मिठाला पाणी सुटते. नेरळहून येणारी गाडी जूनच्या मध्यापासून बंद होते, फक्त दस्तुरीजवळच्या अमन लॉजपासून बाजारापर्यंतची फेरी चालते. पाहुणा शनिवार-रविवारचाच, बाकी दिवस रोजगार अर्धा. म्हणजे वेळ भरपूर आणि पैसा नाही, असे ते दिवस. पूर्वी या दिवसांत आम्ही घरात बसून भांडायचो. आता छत्री आणि प्लॅस्टिकची घोंगडी घेऊन निघतो.

पावसातली वाट वेगळी असते, ते सांगतो, कारण दरवर्षी कोणी ना कोणी पडतो. जांभा दगड ओला झाला की त्यावर शेवाळ धरते, तो दिसायला कोरडा आणि पायाला साबण. म्हणून चपला घालून जायचे नाही, खाचा असलेल्या रबरी तळाचे बूट हवेत, जुने का असेनात. काठी प्रत्येकीच्या हातात. धुके दाट असेल तर लुईझा, इको, वन ट्री हिल या कड्यांकडे वळायचेच नाही, शार्लट तळ्यापर्यंत जाऊन परत फिरायचे. कडेचा दगड खालून पोखरलेला असतो आणि वरून गवताने झाकलेला. शहरातली पोरे तिथे उभी राहून फोटो काढतात, आम्ही ओरडतो, ती हसतात. चौघींपैकी दोघी तरी हव्यात, एकटीने जायचे नाही. झाडीत काठी आपटत जायचे म्हणजे साप वाट सोडतो. आणि वीज कडाडायला लागली की उघड्या पठारावर थांबायचे नाही. एवढे पाळले तर पावसाळ्यासारखे सुख नाही. पहाटे अंधारात कस्तुर पक्षी शीळ घालतो, अगदी माणसासारखी, रेंगाळत. मावशींच्या सुनेला पहिल्यांदा वाटले कोणी टवाळ पोरगा मागे लागला आहे. तिने छत्री उगारली होती.

ऑक्टोबरात पठारावर सोनकीची पिवळी फुले येतात. थंडीत चालणे सोपे, त्याचे काही सांगण्यासारखे नाही. एप्रिल-मे मात्र वाईट. गर्दी, घोडे, आणि लाल धूळ. लीद वाळून त्या धुळीत मिसळते आणि तीच आपल्या छातीत जाते. आमच्याकडे निम्म्या घरांत खोकला आहे. त्या दिवसांत घोडे सुटण्याच्या आधी, पाचला निघून साडेसहाला घरी. तोंडाला ओला रुमाल. त्या दोन महिन्यांचा मोबदला म्हणजे करवंदे आणि जांभळे. धाकटीची रिकामी पिशवी तेव्हा कामाला येते. कधी झाडावरून शेकरू दिसते, तांबूस, लांब शेपटीचे. ते ओरडते तेव्हा एवढ्याशा जिवातून एवढा आवाज कसा निघतो याचे नवल वाटते.

सनसेट पॉइंटच्या वाटेवरची एक गोष्ट राहिली. त्या बाजूने खालच्या धोधाणी गावाहून आदिवासी बाया भाजी, दूध घेऊन डोंगर चढून येतात. आम्ही चौघी एका सकाळी त्या वाटेवर बसलो होतो. एक बाई पाटी घेऊन वर आली, घामाने भिजलेली. पाटी उतरवायला आम्ही हात दिला. तिने विचारले, "कुठं निघाल्या?"

धाकटी म्हणाली, "कुठं नाही. फिरायला."

"फिरायला म्हंजे?"

"असंच. चालायचं आणि परत यायचं."

ती बाई आमच्याकडे बघत राहिली आणि मग एवढी हसली की तिला खाली बसावे लागले. आम्हीही हसलो. पण तिने पाटी पुन्हा डोक्यावर घेतली तेव्हा आमचे हसू गेले. डॉक्टरांचा पाऊण तास तिला कोण सांगणार? तिच्याकडून त्या दिवशी आम्ही गरज नसताना भाजी घेतली. त्याने तिचे ओझे अर्धा किलो कमी झाले असेल.

आता थोरल्या-धाकटीच्या सासऱ्यांविषयी. आम्ही त्यांना मामा म्हणतो. मामांनी ३४ वर्षे हातरिक्षा ओढली. पुढे एक जण ओढायचा, चढाला मागून एक-दोघे ढकलायचे. उताराला ओढण्यापेक्षा अडवणे कठीण, सगळा भार टाचांवर येतो. मामांचे दोन्ही गुडघे गेले, आणि छातीत ती लाल धूळ. त्यांचा धाकटा मुलगाही तेच काम करू लागला.

२०२२ च्या डिसेंबरात चाचणी म्हणून ई-रिक्षा सुरू झाल्या. लांबून शाळेत येणाऱ्या पोरांना पहिल्यांदा बसून शाळेत जाता आले. मग ६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा हुकूम झाला. माणसाने माणसाला ओढण्याची ही प्रथा अमानुष आहे, राज्यघटनेने दिलेल्या सामाजिक-आर्थिक न्यायाच्या वचनाशी ती जुळत नाही, सहा महिन्यांत ती बंद करा, आणि ज्यांचे पोट त्यावर आहे त्या ओढणाऱ्यांना ई-रिक्षा द्या, असे खंडपीठाने सांगितले. तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई त्या खंडपीठावर होते. नातवाने वर्तमानपत्र वाचून दाखवले. मामांनी ते नाव दोनदा वाचायला लावले. मग बराच वेळ गप्प बसले आणि एवढेच विचारले, "धाकट्याला गाडी मिळेल ना?" घरातल्या परवान्याच्या कागदाची पिशवी त्यांनी त्याच रात्री उशाखाली घेतली.

त्याच हुकुमात वाटांविषयीही आहे. दस्तुरीपासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवायला मुभा, पण रानातल्या पायवाटांवर बसवायचे नाहीत. यावरून आमच्या गावात घराघरांत वाद आहेत. आमचे मत सांगतो. मुख्य रस्ता पक्का हवाच. म्हाताऱ्या माणसाने आणि गरोदर बाईने चिखल-धूळ तुडवत का जायचे, तर पाहुण्याला निसर्ग दिसावा म्हणून? हे आम्हाला मान्य नाही. पण रानातली वाट मातीची राहावी हे बरोबर आहे. मातीवर गुडघा दुखत नाही, हे मावशींचा गुडघा सांगतो. फक्त मातीची वाट म्हणजे सोडून दिलेली वाट असे होऊ नये. पावसाआधी चर काढावेत, कड्याला कठडे असावेत, दोन-चार ठिकाणी बसायला दगड आणि बायकांसाठी संडास असावा. पाहुणा दोन दिवस राहतो, तो रोखून धरतो. आम्ही वर्षभर राहतो.

मामांना आम्ही नोव्हेंबरच्या शेवटी नेले. सुट्ट्यांची गर्दी ओसरली होती. नातवाचाच हट्ट. त्याने विचारले होते, "आजोबा, इको पॉइंटवरून प्रबळगड कसा दिसतो?" आणि मामा म्हणाले होते, "मला काय ठाऊक." आम्हाला खोटे वाटले. ३४ वर्षांत हजार वेळा गेले असतील. तेव्हा त्यांनी सांगितले, की गिऱ्हाईक उतरले की रिक्षा वळवून मागे झाडाखाली लावायची, चाकाला दगड द्यायचा, घाम पुसायचा, बिडी ओढायची. दम खाली बसेपर्यंत गिऱ्हाईक परत येते. पुढे कड्याकडे जाऊन उभे राहायचे कोणाला सुचते?

धाकटा मुलगा म्हणाला, मी रिक्षातून नेतो. मामा म्हणाले, "त्यात मी मेल्यावरही बसणार नाही." मग काठी टेकत पायीच निघाले. बाजारापासून दीड-दोन किलोमीटरची वाट, आम्हाला अर्धा तास लागतो. त्या दिवशी दोन तास लागले. शार्लट तळ्यापाशी ते बराच वेळ बसले. वाटेत प्रत्येक चढ त्यांना तोंडपाठ. "इथं चाक रुतायचं." "इथं एकदा दांडा मोडला, शेठ पडला, मला मजुरी नाही मिळाली." मावशी त्यांच्या शेजारून चालत होत्या. दोघे एकाच वयाचे, एकाने माणसे ओढली आणि एकीने त्यांच्या बॅगा. त्यांची मजुरीच्या भावांवरून चर्चा चालली होती, कोणत्या साली काय मिळायचे ते.

पॉइंटावर पोहोचल्यावर मामा सवयीने मागच्या झाडाकडे वळले. नातवाने हात धरून पुढे आणले. कठड्याशी बसवले. समोर दरी, पलीकडे प्रबळगड. मामा काही बोलले नाहीत. शेजारी चार-पाच पाहुणे दरीत तोंड करून आपापली नावे ओरडत होते आणि दरी ती परत देत होती. नातू म्हणाला, "आजोबा, तुम्ही पण ओरडा."

"काय ओरडू?"

"काही पण."

मामांनी दोनदा खाकरून घसा मोकळा केला. ३४ वर्षे गर्दीतून रिक्षा काढताना जे ओरडले तेच तोंडातून आले. "बाजूऽऽ! बाजूला व्हाऽऽ!"

दरीने ते जसेच्या तसे परत दिले. मागून येणारा एक घोडेवाला दचकला आणि घोडा ओढून खरोखरच बाजूला झाला. मामांना हसू आवरेना, हसता हसता खोकला लागला. थोरलीने पाणी दिले. खोकला थांबल्यावर ते म्हणाले, परत जायची घाई करू नका, इथे जरा बसू.